मधल्या काळाचे मास्तर

मंडळीत कुणी गेलं की लोक दोन गोष्टी विचारतात : कशानं गेले आणि माती किती वाजता. आमचे मास्तर तिसरीच विचारतात. ‘आत्ता कुठे आहेत?’

एका घरी मयताचा मुलगा अंगणात मंडपवाल्याकडून खुर्च्या मोजून घेत होता. त्याला वाटलं, मास्तर साधी चौकशी करताहेत. तो म्हणाला, ‘दवाखान्यातच आहेत अजून. ताई नाशिकहून निघालीय, ती पोचली की आणू.’

‘ते शरीर झालं,’ मास्तर म्हणाले. ‘मी वडिलांबद्दल विचारतोय.’

मुलानं खुर्च्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

मास्तरांना नाव आहे, पण नगरात ते फक्त निवडणुकीच्या यादीत आणि लाइटच्या बिलावर उरलंय. मिशनच्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर डोक्यातली जी काही जागा मोकळी झाली, ती सगळी त्यांनी मरणोत्तर अवस्थेला देऊन टाकली. पांढरा नेहरू शर्ट, काखेत छत्री, आणि खांद्याला पिशवी. पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र आणि किराणा दुकानात उधारीला वापरतात तसली लांबट वही. या वहीविषयी पुढे सांगतो.

असा एक माणूस बहुधा प्रत्येक मंडळीत असतो. आमच्याकडे तो जास्त फोफावला याला नगरचा इतिहास कारण आहे. अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ साली आलं. मागोमाग इंग्रज मिशनरी आले, मुक्तिफौज आली, कॅथलिक फादर आले. पुढे १९७० साली नागपूरला उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि त्यातले बरेच जण एका छपराखाली बसले. पण बाकं एक झाली तरी आजोबा वेगवेगळेच राहिले. ज्याच्या आजोबांना ज्या मिशनरीनं बाप्तिस्मा दिला, त्या मिशनरीनं सांगितलेलं मरण ज्याच्या त्याच्या घरात अजून शाबूत आहे. एरवी ते दिसत नाही. कुणी गेलं की बाहेर येतं, आणि बाहेर आलं की मास्तर ते तपासायला घेतात.

चर्चच्या फाटकाशी सूचनेचा काळा फळा आहे. वॉचमन त्यावर खडूनं मयताची बातमी लिहितो. एकदा त्यानं नेहमीप्रमाणे लिहिलं, की आपले ज्येष्ठ बंधू आज पहाटे प्रभूघरी गेले, ते प्रभूमध्ये निद्रिस्त आहेत, आणि पुनरुत्थानाच्या आशेनं दफनविधी सायंकाळी ४ वाजता होईल. मास्तर फळ्यासमोर थांबले. छत्रीच्या टोकानं एकेक ओळ दाखवत म्हणाले, ‘पहाटे घरी पोचले, पोचल्याबरोबर झोपले, आणि चार वाजता उठायच्या आशेनं पुरले जाणार. एक माणूस आणि तीन अवस्था. यातलं नेमकं काय झालंय?’

‘मास्तर,’ वॉचमन म्हणाला, ‘फळा एवढाच हाये. तीनच ओळी बसत्यात.’

आता खरं सांगायचं तर मास्तरांचं काही चुकत नव्हतं. त्यांचा तोच तर त्रास आहे. ख्रिस्ती श्रद्धेचा खरा दावा आत्मा अमर आहे एवढाच नाही. तसं म्हणणारे जगात पुष्कळ होते आणि आहेत. दावा असा की मेलेली माणसं शरीरानिशी उठतील. पौलानं अथेन्सच्या शहाण्यासुरत्या लोकांसमोर भाषण केलं, ते त्यांनी नीट ऐकून घेतलं. मेलेले उठतात म्हटल्यावर मात्र त्यातले काही हसायला लागले. विश्वासांगीकारात आम्ही दर रविवारी शरीराचं पुनरुत्थान म्हणतो आणि घरी जाऊन मटण खातो. कुणाला त्यात काही अडत नाही. शेवट ठरलेला आहे : कर्णा वाजेल, कबरी उघडतील, न्याय होईल. पण माणूस मेला मंगळवारी आणि कर्णा अजून वाजलेला नाही. तर मंगळवारपासून तो करतोय काय? धर्मशास्त्री याला मधली अवस्था म्हणतात. मास्तर त्याला मधला काळ म्हणतात, आणि आमची तरुण पोरं मास्तरांनाच मधला काळ म्हणतात. ‘पळा, मधला काळ आला!’

वही या मधल्या काळाची आहे. प्रत्येक पानावर उभी रेघ. डावीकडे मथळा ‘जागे’, उजवीकडे ‘झोपलेले’. शास्त्रात मेलेल्यांचा जिथं जिथं उल्लेख आहे तो संदर्भ मास्तरांनी एका बाजूला टाकलेला. लूकच्या सोळाव्या अध्यायातला श्रीमंत मनुष्य अधोलोकात तहानेनं ओरडतो, पलीकडे अब्राहामाजवळ बसलेल्या लाजराला पाणी घेऊन पाठवा म्हणतो : जागे. प्रकटीकरणात वेदीखालचे आत्मे देवाला विचारतात की आणखी किती दिवस : जागे, शिवाय तक्रारीसह. दानीएलात धुळीत झोपलेले : झोपलेले. उपदेशक म्हणतो की मेलेल्यांना काहीच ठाऊक नसतं : झोपलेले, दोनदा अधोरेखित. शमुवेल संदेष्ट्याचं नाव दोन्हीकडे आहे. कारण शौल राजानं एन-दोरच्या बाईकरवी त्याला वर बोलावलं तेव्हा त्यानं पहिला जाब हाच विचारला, की मला कशाला त्रास दिलास. मास्तरांचं म्हणणं, हा झोपमोड झालेल्या माणसाचा सूर आहे. पण पुढे तो इतकं मुद्देसूद बोलतो की झोपेतून उठलेला वाटत नाही. म्हणून दोन्ही रकान्यांत, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

बेथानीचा लाजर मात्र वहीत कुठंच नाही, आणि हे मास्तरांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख. चार दिवस कबरीत होता तो! येशूनं हाक मारली, गुंडाळलेल्या कापडांसकट बाहेर आला. इतकी पहिल्या प्रतीची साक्ष हाताशी असताना योहान त्याचं एक वाक्यही देत नाही.

‘पुढच्याच अध्यायात जेवण आहे,’ मास्तर तळमळून सांगतात. ‘मार्था वाढतेय. लाजर पंगतीला बसलाय. आणि इतक्या माणसांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाबा रे, चार दिवस होतास कुठे?’

‘ताट वाढलेलं असताना असलं कुणी विचारतं का?’ आतून मास्तरीणबाई म्हणतात. हा संवाद मी त्यांच्या घरी जेवायला गेलो की होतो. मार्थेचा विषय निघाला की बाई वाढायच्या थांबतात, म्हणून हल्ली आम्ही तो निघू देत नाही.

युतुखाचंही तसंच. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, खिडकीत बसलेल्या युतुखाला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तर मेलेला. पौलानं त्याला कवटाळलं, तो जिवंत झाला. आमचे पाळकसाहेब या गोष्टीवर बोलतात तेव्हा लांबलेल्या प्रवचनाबद्दल हसत हसत माफी मागतात. मास्तरांना स्मरणार्थ प्रार्थनेत पाच मिनिटं दिली होती तेव्हा त्यांनी हीच गोष्ट घेतली, आणि त्यांचा मुद्दा निराळाच : ‘यालाही कुणी विचारलं नाही! उलट पौलानं वर जाऊन भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत बोलणं चालूच ठेवलं.’ एवढं सांगायला मास्तरांना पंचवीस मिनिटं लागली. आमची सभा तळमजल्यावर होती, ही प्रभूचीच कृपा.

मास्तर स्वतः ‘जागे’ पक्षाचे. त्यांना तोडीस तोड माणूस देवानं त्यांच्या सासुरवाडीतच ठेवलाय. मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ शिकायला म्हणून पुण्याला औंधच्या स्पायसर कॉलेजात गेला आणि सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट होऊन तिथंच राहिला. रविवार गेला, शनिवार आला. मटणाला आणि अमर आत्म्याला त्यानं एकाच वर्षी नकार दिला. त्यांच्या शिकवणीप्रमाणे माणसात आत्मा म्हणून वेगळं काही ठेवलेलं नसतं. मातीत देवानं श्वास फुंकला आणि जिवंत माणूस झाला; श्वास गेला की माणूस संपला. पुन्हा उठेपर्यंत त्याला कसलीही जाणीव नाही. पुण्यात डोळे मिटले की कर्णा वाजल्यावरच उघडायचे, आणि त्याच्या लेखी मध्ये एक क्षणही गेलेला नसेल.

‘पाहुणे,’ मास्तर त्याला म्हणतात, ‘शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर तुमचं जे होतं ते तुम्ही सगळ्या मेलेल्यांना लावताय.’

‘दाजी, मरणाला झोप मी नाही म्हटलं. लूथरही म्हणायचा.’

‘आणि कॅल्विननं काय केलं?’ मास्तर गरजतात. कॅल्विननं पंचविशीत, १५३४ साली, धर्मशास्त्रावरचं पहिलं पुस्तक लिहिलं ते आत्मे झोपतात या मताविरुद्धच, हे मास्तरांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ आहे. ते पुस्तक छापून यायला १५४२ उजाडलं, हे मेहुणा हळूच घालतो. मग मास्तर १८४४ काढतात. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी त्या वर्षी २२ ऑक्टोबरला ख्रिस्त येणार म्हणून वाट पाहिली आणि तो आला नाही. ‘तुमच्या लोकांनी तारीख काढली होती, पाहुणे!’ मेहुणा शांतपणे म्हणतो, ‘आमची मंडळी १८६३ ला स्थापन झाली, दाजी. आधीच्या थकबाकीला आम्ही जबाबदार नाही.’

मास्तरांचा हुकमी पत्ता म्हणजे वधस्तंभावरचा चोर. येशूनं त्याला त्याच दिवशी सुखलोकात असशील असा शब्द दिला. झोपायचं असतं तर घाई कशाला? मेहुण्याचं उत्तर तयार : मूळच्या ग्रीक हस्तलिखितांत स्वल्पविराम नव्हते. ‘आज’च्या आधी थांबायचं की नंतर, हे पुढच्यांनी ठरवलं. नंतर थांबलं तर शब्द आज दिला एवढंच उरतं. पोचायचं केव्हा ते मोकळं.

‘एका चोराचं तारण तुम्ही स्वल्पविरामावर टांगता?’

‘तारण नाही, दाजी. फक्त वेळ.’

एकदा रात्री अकराला मास्तरांना अंथरुणातच एक युक्तिवाद सुचला आणि त्यांनी तडक पुण्याला फोन लावला. ‘पाहुणे, नीट ऐका. माझं खरं असेल तर मेल्याबरोबर मला कळेल की माझं खरं होतं. तुमचं खरं असेल तर तुम्हाला ते कळणारच नाही, कारण तुम्ही झोपलेले! म्हणजे तुम्ही जिंकलात तरी तुम्हाला पत्ता नाही.’

‘कर्णा वाजल्यावर कळेल की.’

‘तेव्हा काय, तेव्हा सगळ्यांनाच कळेल!’

‘मग मला थांबायला काय हरकत आहे,’ मेहुणा म्हणाला, ‘तोवर मी झोपलेलाच असेन. आता पण झोपलो होतो, दाजी.’

दुसरी आघाडी भिंतीपलीकडे आहे. शेजारी वसईच्या मावशी राहतात. कॅथलिक. यजमान लष्करात होते, नगरच्या छावणीत बदलून आले आणि इथंच राहिले, इथंच गेले. मावशी दर २ नोव्हेंबरला त्यांच्या कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या नेतात, शिवाय परगेटरीतली शुद्धी लवकर संपावी म्हणून वर्षातून दोनदा त्यांच्यासाठी मिस्सा सांगतात. मास्तरांना हे भिंतीवरून दिसतं आणि राहवत नाही.

‘किती वर्षं झाली हो त्यांना?’

‘अठरा.’

‘अठरा वर्षं ते अजून परगेटरीतच?’

‘सुटले असतील की कधीच.’

‘मग मिस्सा कुणासाठी?’

‘ते सुटले असतील तर ज्याच्यामागे कुणी करणारं नाही त्याला पोचेल. मिस्सा वाया जात नाही, मास्तर.’

मास्तरांनी दोन दिवस या जमाखर्चावर विचार केला. मग त्यांना पोप सापडला. पोप जॉन बावीसावे, मुक्काम आव्हिन्यो. त्यांनी १३३१ च्या सुमारास प्रवचनांतून सांगायला सुरुवात केली, की संतांच्या आत्म्यांनासुद्धा शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही, तोवर वाटच पाहावी लागते. पॅरिसचे धर्मपंडित खवळले. म्हाताऱ्या पोपनं १३३४ साली मरणशय्येवर आपलं मत मागे घेतलं, आणि त्यांच्यामागून आलेल्या बेनेडिक्ट बाराव्यांनी १३३६ साली कायमचा निकाल दिला : ज्यांची शुद्धी व्हायची उरलेली नाही ते आत्मे मेल्यावर लगेच देवाला पाहतात, न्यायाच्या दिवसापर्यंत थांबावं लागत नाही. मास्तर हे सगळं भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून, एकेक सालावर थांबत थांबत सांगत होते. मावशी पापड वाळत घालत होत्या.

‘म्हणजे तुमच्या पोपलाच माहीत नव्हतं!’

‘नव्वदीला टेकलेल्या माणसानं मरताना का होईना, चूक कबूल केली,’ मावशी म्हणाल्या. ‘तुम्ही तर अजून सत्तरीत आहात, मास्तर. भरपूर वेळ आहे.’ मग पापड उलटत त्यांनी आणखी एक सांगितलं : ‘तुमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत ना, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायला तुम्हाला वेळ उरतो.’

पाळकसाहेबांनी मध्यंतरी मास्तरांना संडे स्कूल दिलं. मुलांपुढे ते मधला काळ काढणार नाहीत, अशी आशा होती. त्यांनी तो काढला नाही. त्यांनी उठल्यानंतरचं शरीर काढलं. हे शरीर कसं असेल यावर संत ऑगस्टीननं ‘देवाचे नगर’ या प्रचंड ग्रंथाच्या शेवटच्या भागात इतक्या बारकाईनं लिहिलंय की वाचताना मास्तरांना आपलीच वही कुणी आधी लिहिली असं वाटलं असणार. सगळे साधारण तिशीच्या वयात उठतील. तान्ही बाळं गेली असतील तर तीही वाढलेल्या शरीरानं. आयुष्यभर कापलेले केस आणि नखं परत येतील का? त्यातलं काही हरवणार नाही, पण माणूस विद्रूप दिसेल इतकं परत चिकटणारही नाही. आणि एका माणसाला दुसऱ्यानं खाल्लं असेल तर ते मांस उठताना कुणाचं? ज्याचं आधी होतं त्याचं. खाणाऱ्याची तूट देव भरून काढील.

नरभक्षक निघाल्यावर वर्ग एकदम भरला. शेजारच्या गल्लीतली बाप्तिस्मा न झालेली पोरंही येऊन बसायला लागली.

‘मंग खाणारा उपाशी उठंल का, मास्तर?’

‘मास्तर, तुमची कवळीपण उठंल का?’

कवळीच्या प्रश्नाचा मास्तरांना राग आला नाही. ‘तिशीत माझे बत्तीसच्या बत्तीस दात होते,’ ते अभिमानानं म्हणाले. घरी येऊन त्यांनी मास्तरीणबाईंना आनंदाची बातमी दिली, की आपण दोघं तिशीचे होऊन उठणार. बाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, ‘मला नको तिशी. तिशीत घरात सासूबाई, पदराला तीन पोरं आणि पाणी आडाचं. मला आपली साठीनंतरची द्या म्हणावं.’ मास्तरांनी ऑगस्टीन पुन्हा चाळला. त्यात बायकांना विचारून वय ठरवायची सोय नव्हती.

लग्नाचा प्रश्नही असाच एकदा निघाला. मंडळीतल्या एका काकांच्या दोन बायका देवाघरी गेल्या, तिसरी संसार करतेय. त्यांनी बायबल वर्गात बऱ्याच दिवसांची धाकधूक बोलून दाखवली : तिकडे गेल्यावर कोणती आपली? मास्तर खुलले. सदूकी लोकांनी हाच प्रश्न येशूला घातला होता. ते पुनरुत्थान मानतच नसत, म्हणून चेष्टेनं विचारलं : सात भावांनी एकापाठोपाठ एकीशीच लग्न केलं, सगळे मेले, शेवटी तीही मेली, तर उठल्यावर ती कुणाची? येशूनं सांगितलं की मेलेल्यांतून उठल्यावर लग्नं नसतात. काकांनी डोळे मिटून ‘प्रभूची स्तुती असो’ म्हटलं. शेजारी तिसऱ्या काकू बसल्या होत्या. ‘घरी चला,’ एवढंच त्या म्हणाल्या.

मी इतकी वर्षं मास्तरांना ऐकतोय. एकच प्रसंग वेगळा. मंडळीतल्या एका बाईंचा मुलगा परदेशात गेला, तिथंच त्याचं दहन झालं. घरी अस्थींचा डबा आला. आमच्यात पुरायची रीत. बाईंना एकच घोर, शरीरच नाही तर पोरगा उठणार कशानं? लोक नुसते हात धरून बसले होते. मास्तरांनी त्यांना लियोंची हकिगत सांगितली. १७७ साली गॉल देशात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, तेव्हा मारेकऱ्यांनी हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख रोन नदीत सोडली, मुद्दाम, यांना उठायची आशाच राहू नये म्हणून. युसेबियसनं ते लिहून ठेवलंय. ‘ज्यानं मुळात मातीपासून केलं,’ मास्तर म्हणाले, ‘त्याला राख अवघड जाईल होय? रोन समुद्राला मिळते. समुद्रही आपले मेलेले परत देणार आहे असं प्रकटीकरणात दिलंय.’ बाईंना ते पटलं. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, ‘पण मास्तर, तो आत्ता कुठे हाये?’

‘प्रभूजवळ,’ मास्तर म्हणाले. संदर्भ नाही, अध्याय नाही, ओवी नाही.

बाहेर पडल्यावर मी त्यांना डिवचलं, की वहीत ‘झोपलेले’ रकानाही बराच भरलाय. ते चिडले. ‘गणितात उत्तर आधी सुचतं कधीकधी. रीत मागाहून लिहितात.’ दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते त्या बाईंच्या दारात उभे होते, रीत घेऊन. बाईंनी चहा केला. रीत साडेनवाला संपली.

स्वतःच्या जागेची व्यवस्था मास्तरांनी करून ठेवलीय. पूर्वापार रीत अशी की पाय पूर्वेकडे करून पुरायचं, म्हणजे ख्रिस्त उगवतीकडून आला की उठणारा माणूस त्याच्याकडे तोंड करूनच उठतो. मास्तर शाळेच्या प्रयोगशाळेतली जुनी होकायंत्राची डबी घेऊन कबरस्तानात गेले आणि त्यांच्या लक्षात आलं, की नवी भिंत बांधल्यापासून कबरींची सगळी रांग दक्षिणेकडे कललीय. त्यांनी कबर खोदणाऱ्याला बोलावून सुई दाखवली.

त्यानं सुई पाहिली, रांग पाहिली, कुदळ टेकवली. ‘उठायचंच हाये ना, मास्तर? मंग उठल्याव वळता येतंय की.’

मग मास्तरांनी मुंबईचा विषय काढला. शिवडीला जागेची इतकी टंचाई की काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात, आधीची हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. ऑगस्टीनचा न्याय लावला तर त्या जागेच्या मातीवर पहिल्याचा हक्क. खोदणाऱ्यानं यावर बराच विचार केला. ‘म्हंजी दुसऱ्यानं काय, भाड्यानं ऱ्हायचं?’

राहिला दगड. मास्तरांना त्यावर सगळं नीट यायला हवं होतं : नाव, साल, आत्मा कुठे, शरीर कुठे, कशाची वाट पाहतोय, आणि आधाराला पाच संदर्भ. दगडावाला अक्षरावर पैसे घेतो. त्यानं कागद वाचला, बोटानं अक्षरं मोजली आणि आकडा सांगितला. मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘एवढ्यात स्वयंपाकघराला फरशी बसते.’

घरी आल्यावर छाटणी सुरू झाली. आत्मा कुठे, हे गेलं. शरीर कुठे, ते तर दगडाखालीच होतं, म्हणून गेलं. जोडाक्षराला दर जास्त होता, त्यात ‘पुनरुत्थान’ गेलं. संदर्भ पाचावरून एकावर आले. मग तो एक कोणता, यावर आठवडा गेला. लूक सोळा घातला तर लोक विचारणार, मास्तर श्रीमंत माणसाच्या बाजूचे का. चोर घातला तर वाईट दिसतं. शेवटी उरला करिंथकरांना पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय : बी पेरतात ते वेगळं, उगवतं ते वेगळं, कर्णा वाजेल आणि मेलेले उठतील. अक्षरं कमी, अध्याय थोर, सगळं त्यात आलं. फक्त मधला काळ तेवढा त्यात ठासून सांगितलेला नाही. कॅथलिक, मुक्तिफौज, आम्ही, ॲडव्हेंटिस्ट, सगळे हाच अध्याय वाचतात आणि कुणाचं कुणाशी वाजत नाही. हीच मास्तरांची खंत होती.

दगडावाला छिन्नी घेऊन तयार. ‘करू ना मग, मास्तर?’

‘थांब,’ मास्तर म्हणाले आणि त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. ‘पाहुणे, एक विचारायचं होतं. तुम्ही तुमच्या दगडाचं काही ठरवलंय का?’

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मास्तरांनी फोन खिशात घातला, छत्री उचलली. ‘त्याचा दगड मागच्याच वर्षी कोरून झालाय,’ ते दगडावाल्याला म्हणाले. ‘हाच अध्याय. तू नुसतं नाव आणि साल कर. खाली दोन ओळींची जागा ठेव.’

‘मोकळ्या जागेचेपण पैसे पडतील, मास्तर.’

‘किती?’